वावरातली चोरी कुणी लिहायची?

जानेवारीचा पहिला आठवडा पोलिसांचा असतो. २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन, मग शाळाशाळांतून शस्त्रांची प्रदर्शनं, आणि त्याच सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी सरत्या वर्षाचे आकडे जाहीर होतात. चोऱ्या इतक्या टक्क्यांनी घटल्या, घरफोड्या इतक्या उघडकीस आल्या, दरोडे इतके. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर 'गुन्हेगारीला आळा' अशा अर्थाचा मथळा येतो. मी विदर्भाच्या कापूसपट्ट्यात राहतो. या मथळ्यांवर माझा विश्वास नाही, आणि खेड्यात राहणाऱ्या कुणीच तो ठेवू नये असं माझं मत आहे. आकडे कुणी मनाने रचून सांगतं असं मी म्हणत नाही. ते कशाचे आहेत, हे विचारायचं तेवढं राहून जातं.

ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातच बजावलेलं असतं की गुन्हे वाढणं वेगळं आणि पोलिसांकडची नोंद वाढणं वेगळं, या दोन्हींची गल्लत करू नका. नोंद वाढली म्हणून पोलिसांना नालायक ठरवू नये, असा त्याचा रोख आहे आणि तो बरोबर आहे. पण मग नोंद घटली म्हणून पाठ थोपटणंही चूक ठरतं. हा अर्धा भाग आपल्याकडे कुणी बोलत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. गुन्हे किती कमी झाले यावरून ग्रामीण ठाण्याचं काम मोजणं बंद करावं. गावकऱ्याची फिर्याद जिथे पहिल्याच फेरीत लिहून घेतात ते ठाणं चांगलं, मग त्याचा आकडा जिल्ह्यात सगळ्यांत मोठा का असेना.

खेड्यातली फिर्याद कशी विरते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ठाणं पंधरा-वीस किलोमीटरवर. तिथे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. ठाणे अंमलदार ऐकून घेतो आणि सांगतो, ठाणेदार साहेब बंदोबस्ताला आहेत, उद्या या. उद्या गेलं की, अर्ज द्या, चौकशीवर ठेवतो. अर्ज म्हणजे साधा कागद. त्याला गुन्हा क्रमांक पडत नाही, एफआयआरसारखा तो न्यायालयाकडे जात नाही, आणि जानेवारीतल्या आकड्यांत तो कुठेच दिसत नाही. आठवडी बाजारात खिशातून मोबाइल गेला तर तो चोरीला जात नाही, 'गहाळ' होतो. नवं सिम काढायला गहाळचा दाखला पुरतो, मग चोरी कशाला लिहायची, असं वरून समजावलं जातं. नवऱ्याच्या माराला कंटाळून आलेली बाई असेल तर नवऱ्याला बोलावून दम दिला जातो आणि 'आपसात मिटलं' अशी ओळ स्टेशन डायरीत पडते.

यामागे प्रत्येक वेळी पैसा किंवा वशिला असतो असं मला वाटत नाही. कारण त्याहून रुक्ष आहे. दर महिन्याला पोलीस अधीक्षकांकडे गुन्हे आढावा बैठक होते. तिथे ठाणेदाराला दोन आकडे विचारले जातात: दाखल किती, उघडकीस किती. वावरातून पंप गेला, विहिरीवरची केबल कापली, बकरी नेली, तर साक्षीदार नसतो, कॅमेरा नसतो, ठसेही मिळत नाहीत. असा गुन्हा दाखल केला की तो 'उघडकीस न आलेला' म्हणून बैठकीत दर महिन्याला समोर येतो. न लिहिलेली चोरी कुणालाच छळत नाही. अशा परीक्षेला बसलेला अधिकारी प्रामाणिक असला तरी त्याचा हात फिर्यादीकडे जाताना आखडणारच.

कायदा याविरुद्ध केव्हाचा उभा आहे. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ठरवून दिलं की दखलपात्र, म्हणजे पोलिसांना परवानगीशिवाय तपास करता येईल अशा, गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने आणखी पुढचं दिलं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असं कलम १९३ सांगतं. हे सगळं चांगलं आहे. पण जुने कायदे बदलताना एक गोष्ट अशी करून ठेवली गेली की तिचा घाव नेमका खेड्यावर बसतो, आणि तिच्याबद्दल विदर्भातल्या एकाही आमसभेत चर्चा झालेली माझ्या कानावर नाही.

जुन्या दंड संहितेच्या कलम ३७९ खाली चोरी म्हणजे चोरी होती. माल शंभर रुपयांचा असो की लाखाचा, गुन्हा दखलपात्र होता. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये ५,००० रुपयांची रेघ आली आहे. चोरीचा माल त्याहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. भुकेपोटी चोरी करणाऱ्याला तुरुंगात सडवू नये हा हेतू मला मान्य आहे. अडचण पुढे आहे. सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ५,००० पेक्षा कमी किमतीची ही चोरी अदखलपात्र धरली आहे. अदखलपात्र म्हणजे कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. शिक्षा सौम्य करायची होती, तर शिक्षा सौम्य करायची. त्यासाठी तपासाचं दार का लावलं?

हिशेब करून पाहा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे ६१ किलो कापूस ५,००० च्या आत बसतो. उघड्या बाजारात भाव हमीभावाखाली गेला की किलो आणखी वाढतात. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८. म्हणजे ९३ किलो सोयाबीन, जवळजवळ अख्खं क्विंटल, रेघेच्या आत. विहिरीवरून कापून नेलेली केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, तांब्याची तार हे सगळं बहुतेक वेळा त्याच रेघेखाली राहतं. तीन-चार एकरवाल्या शेतकऱ्याच्या वेचणीतले ६१ किलो म्हणजे मजुरी देऊन हातात उरणारा पैसा. ऐन फुटीच्या दिवसांत कोसळलेल्या पावसातून वाचवलेला, रानडुकरांच्या जागलीतून राखलेला, वेचून ढिगाला लावलेला माल रातोरात उचलला जातो आणि सकाळी ठाण्यात सांगतात, तपास करता येत नाही, कोर्टात जा. केबल गेली की हरभऱ्याचं पाणी चुकतं. केबल तीन हजारांची, नुकसान तीस हजारांचं. पण कायदा केबलची किंमत बघतो.

यात आणखी एक भेद आहे. तोच कापूस कोठ्यातून चोरला तर तो माल ठेवण्याच्या इमारतीतून केलेली चोरी ठरतो, कलम ३०५ लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तपासाला परवानगी लागत नाही. ज्याच्याकडे पक्का कोठा आहे त्याच्या मालाला कायद्याचं छप्पर आहे. ज्याचा ढीग वावरातच ताडपत्रीखाली आहे त्याच्या मालाला नाही. ठेक्याने किंवा बटईने वाहणारा माणूस कोठा कुठून आणणार?

शेतमालाला वेगळा न्याय लावायला हवा ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. इंग्रजांच्या काळातल्या जुन्या दंड संहितेतच ती होती. आग लावून नुकसान करण्याच्या कलम ४३५ मध्ये इतर मालासाठी १०० रुपयांची मर्यादा होती आणि शेतमाल असेल तर १० रुपयांची. सोयाबीनची गंजी पेटवणं आणि दुकानातला माल जाळणं यांत फरक आहे, शेतकऱ्याचं थोडं नुकसानही मोठं असतं, हे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारच्या कायद्याला उमगलं होतं. आताच्या संहितेनेही आगीच्या कलमात शेतमालाचा वेगळा उल्लेख ठेवला आहे. चोरीच्या बाबतीत मात्र दिल्लीतल्या कुण्या मसुदाकाराने मॉलमधल्या किरकोळ उचलेगिरीचा विचार केला असावा. वावरातल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, केलेला दिसत नाही.

कुणी म्हणेल, ६१ किलो कापसाचा चोर पोलिसांनी शोधून तरी काय होणार? होतं ते असं. चोरीचा कापूस चोराच्या घरी राहत नाही. तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर बिनापावतीने जातो. तांबं भंगारवाल्याकडे जातं. एका हंगामात एका बीटमधल्या, म्हणजे एका जमादाराकडच्या गावांतल्या, दहा शेतकऱ्यांच्या दहा चोऱ्या तारीखवार लिहिलेल्या असतील, तर बीट जमादाराला कागदावरच दिसेल की त्या कुठल्या रस्त्यावर, कुठल्या बाजाराच्या आदल्या रात्री झाल्या. मग तो दहा चोर शोधत बसणार नाही, एका काट्यावर जाऊन पावत्या मागेल. चोरीचा माल घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण दहांपैकी एकही लिहिलेली नसेल तर त्याच्याकडे शोधायला काहीच नाही. कायदा दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला जास्त शिक्षा सांगतो. पहिली चोरीच वहीत नसेल तर दुसरी कधी मोजायची? शिवाय विम्याचा दावा करायला आधी एफआयआरची प्रत लागते. सौर पंपाची पाटी गेली आणि हातात 'अर्ज चौकशीवर' एवढंच असेल, तर तो शेतकरी दोनदा नागवला जातो.

चोरी लिहिली नाही म्हणून संशय थांबत नाही. तो कुठे वळतो हे विदर्भातल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे: गावाबाहेरच्या पारधी बेड्याकडे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीकडे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मानेच चोर ठरवलं. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का काढला आणि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा करून वहिमाचं शस्त्र पुन्हा हातात दिलं. कागदावर शिक्का गेला, नजरेतला गेला नाही. गावात बकरी गेली की आधी बेड्यावर गाडी जाते. बायामाणसं उठवली जातात, एक-दोघं 'विचारपूस करायला' नेली जातात.

गुन्हा न लिहिण्याचा सगळ्यांत वाईट परिणाम मला इथे दिसतो. एफआयआर फक्त फिर्यादीचं रक्षण करत नाही, संशयिताचंही करते. गुन्हा क्रमांक पडला की कुणाला कशासाठी धरलं ते लिहावं लागतं, अटक दाखवावी लागते, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. घटनेचं कलम २२ ते सांगतं. गुन्हाच दाखल नसेल तर ज्याला नेलं तो कुठल्याच कागदावर नाही. दोन रात्री ठाण्यात काढून तो परत येतो, त्याची मजुरी जाते, पोरांच्या शाळेत तो चोर म्हणून ओळखला जातो, आणि चोरी करणारा तिसराच असला तर तो निवांत राहतो. ज्या गावकऱ्यांना वाटतं की नोंद-बिंद कशाला, पोलिसांनी बेड्यावर दोन फटके दिले की माल निघतो, त्यांना मी स्पष्ट सांगेन की हा न्याय नव्हे, आणि यातून चोरी थांबल्याचं मी तरी पाहिलं नाही.

दुसरा मोठा विषय धुऱ्याचा, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचा. ट्रॅक्टरवाल्याने नांगराचं एक तास इकडे घेतलं, पांधणीवर, म्हणजे शेतरस्त्यावर, काट्या टाकल्या, बंडी अडवली. शिवीगाळ, धक्काबुक्की, काठी. साधी मारहाण कायद्याने अदखलपात्रच आहे, तेव्हा इथे एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद देऊन पोलिसांनी बेकायदा काही केलेलं नसतं. पण त्याच दोन घरांची, त्याच धुऱ्यावरची तिसरी एनसी येते तेव्हा तो कागद पुढे काय होणार आहे ते ओरडून सांगत असतो. त्यासाठी हत्यारं आहेत. सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांततेचं बंधपत्र लिहून घेता येतं, जमिनीच्या ताब्यावरून शांतता भंगण्याची भीती असेल तर कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे प्रकरण नेता येतं. तहसीलदार, भूमी अभिलेखचा मोजणीदार आणि ठाणेदार हे तिघे एका दिवशी एका धुऱ्यावर उभे राहिले तर किती खून टळतील, याचा विचार मी नेहमी करतो. प्रत्यक्षात मोजणीचा नंबर लागायला महिनोन्महिने जातात, एनसी फायलीत राहते, आणि पेरणीच्या तोंडावर कुऱ्हाड निघते.

शेतातला रस्ता आणि जमीन हा साधा वाद मानून सोडला, की जातीची ताकद त्यात उतरते तेव्हा काय होतं, ते भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीने दाखवलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांना, आई, मुलगी आणि दोन मुलं, जमावाने ठार मारलं. जमिनीवरून धुमसणं आधीपासून होतं. त्याच महिन्यातल्या एका मारहाणीच्या प्रकरणातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटून आले होते. पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली, तपास सीबीआयकडे गेला, सगळं नंतर झालं. आधीच्या चार आठवड्यांत त्या कुटुंबाच्या दारात एक शिपाई बसवणं कुणाला सुचलं नाही. खैरलांजीबद्दल आपण निकालांची, शिक्षेची चर्चा खूप केली. त्या चार आठवड्यांची पुरेशी केली नाही.

बाईने ठाण्याची पायरी का चढू नये असं घरातली माणसं तिला सांगतात, त्यालाही आपल्याच मातीतला इतिहास आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं, त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. देशाचा कायदा बदलायला लावणारी घटना पूर्व विदर्भात घडली, आणि आजही तिथल्या अनेक ठाण्यांत रात्री फिर्याद घ्यायला महिला अंमलदार असेलच याची खात्री देता येत नाही.

आकडा किती फसवा असतो ते दारूत सगळ्यांत सोपं दिसतं. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठली. ३१ मार्चला दुकानात पावती देऊन विकलेली बाटली १ एप्रिलला गुन्हा झाली आणि सहा वर्षांनी पुन्हा माल झाली. चंद्रपूरची माणसं मधल्या काळात चांगली किंवा वाईट झाली नव्हती. वर्ध्यातही धाडी वाढल्या की दारूबंदीचे गुन्हे वाढतात आणि धाडी थांबल्या की घटतात. गावात येणारी मोहाची किंवा सीमेपलीकडची दारू तेवढीच असते. या जातीच्या गुन्ह्यांत फिर्यादी पोलीसच असतात, म्हणून इथला आकडा पोलिसांनी किती हालचाल केली ते सांगतो. चोरीचा आकडाही त्यांनी किती लिहिलं तेच सांगतो.

आता पोलिसांची बाजू, कारण ती खरोखर जड आहे. पन्नास-साठ गावांचं ठाणं विदर्भात नवलाचं नाही. एका बीट जमादाराकडे पंधरा-वीस गावं. त्यातच समन्स बजावणं, कैदी न्यायालयात नेणं, पोळा, गणपती, दुर्गा, यात्रा, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडे यात एक काम आणखी असतं ज्याची दखल कुठल्याच आढाव्यात नाही, ते म्हणजे मर्ग, अकस्मात मृत्यूची चौकशी. शेतकऱ्याने विष घेतलं किंवा गळफास घेतला की पोलीस जातात, पंचनामा करतात, उत्तरीय तपासणीला पाठवतात, जबाब घेतात. त्या कागदांवर त्या घराची १ लाख रुपयांची सरकारी मदत अडकलेली असते. ज्या जमादाराने एका महिन्यात अशी तीन प्रेतं झाडावरून उतरवली, त्याला बकरीची चोरी क्षुल्लक वाटली तर मी त्याला दोष देताना दोनदा विचार करीन.

आणि डिसेंबर. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं आणि ते व्हायलाच हवं. पण त्याच्या बंदोबस्ताला जिल्ह्याजिल्ह्यांतून मनुष्यबळ ओढलं जातं, आधीच अपुरी असलेली ग्रामीण ठाणी आणखी ओस पडतात. डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचा, ढिगांचा, तूर फुलण्याचा, रब्बीच्या पाण्याचा महिना. रात्रीच्या विजेमुळे शेतकरी रात्री वावरात असतो, आणि वर्षातला सगळ्यांत जास्त माल उघड्यावर असतो. विदर्भाच्या प्रश्नांवर चर्चा व्हावी म्हणून जे अधिवेशन इथे भरतं, त्याच्याच काळात विदर्भातल्या खेड्यांची गस्त सगळ्यांत पातळ होते. निदान बीट जमादार आणि रात्रगस्तीची माणसं या बंदोबस्तातून वगळा, राज्य राखीव दलाच्या तुकड्या वाढवा. हे प्रशासकीय आदेशाने होण्यासारखं आहे.

सगळं लिहून घ्यायचं ठरवलं तर खोट्या फिर्यादींचा पूर येईल, हा आक्षेप नेहमी येतो. गावकीत सूड म्हणून तक्रारी होतात हे खरं आहे. पण खरंखोटं ठरवायला तपास असतो, आणि तपासात खोटी निघालेली फिर्याद बंद करण्याची वाट कायद्यात आहे. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही नव्या संहितेने दिली आहे. तपास न करताच, टेबलापलीकडच्या माणसाचे कपडे, जात आणि सोबत कोण आलं आहे ते बघून खरंखोटं ठरवण्याचा अधिकार ठाणे अंमलदाराला कुणी दिलेला नाही. सरपंच सोबत असला की त्याच दिवशी एफआयआर होते. एकटी शेतमजूर बाई गेली की अर्ज होतो. मला हा फरक असह्य वाटतो.

दुसरं म्हणतात, गावातलं गावात मिटावं. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिने खूप गावांत चांगलं काम केलं. भावाभावांतले वाद मिटले, दारूचे अड्डे उठले, कोर्टाच्या फेऱ्या वाचल्या. पण तिच्यात बक्षीस होतं, आणि बक्षीस तंटे नसण्याला होतं. मग काही ठिकाणी समितीनेच सांगायला सुरुवात केली की ठाण्यात जाऊ नका, गावाचे गुण जातील. समितीत जे बसतात त्यांच्याविरुद्धची तक्रार त्याच समितीपुढे कशी मिटणार? तडजोड तेव्हाच तडजोड असते, जेव्हा दुबळ्या बाजूला ठाण्याचा रस्ता मोकळा असतो आणि तरी ती गावात बसायला तयार होते.

पोलीस पाटलाचं पद मला यात सगळ्यांत वाया गेलेलं वाटतं. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने गावातच राहणारा, सरकारने नेमलेला माणूस दिला. २०२४ मध्ये त्याचं मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये झालं. आज तो मुख्यतः प्रेत सापडलं तर खबर द्यायला आणि पंच म्हणून सही करायला वापरला जातो. त्याच्याकडे क्रमांक छापलेली, दुहेरी पावत्यांची नोंदवही द्यावी. गावातली प्रत्येक चोरी, प्रत्येक धुऱ्याचं भांडण तो तिथे लिहील, एक पावती तक्रारदाराला देईल, आणि आठवड्याला बीट जमादार ती वही बघून सही करील. मग वीस किलोमीटरवरच्या ठाण्यात 'तुम्ही आलाच नव्हता' असं कुणी म्हणू शकणार नाही. पोलीस पाटील गावातल्या एखाद्या गटाचा असतो, हा धोका आहेच; म्हणून वहीची तपासणी दुसऱ्या बीटच्या अंमलदाराने वर्षातून एकदा अचानक येऊन करावी.

आढावा बैठकीतले प्रश्नही बदलावेत. दाखल किती, उघड किती याच्या जोडीला: अर्ज किती आले, त्यांतले गुन्हे किती झाले? गहाळ मोबाइल किती, त्यांतले आठवडी बाजाराच्या दिवशीचे किती? एकाच जोडीच्या दोनहून अधिक एनसी किती, आणि कलम १२६ ची कारवाई किती? अधीक्षक कार्यालयातून दर महिन्याला प्रत्येक ठाण्याच्या वीस अर्जदारांना फोन करून विचारावं, तुमचं काय झालं. ज्या ठाणेदाराच्या हद्दीत पहिल्या वर्षी आकडा दुप्पट होईल, त्याला बदलीची भीती नको. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ सांगितला होता तो अशासाठीच. एका हंगामात आलेला आणि पुढच्या हंगामाआधी गेलेला माणूस ६० गावांचे रस्तेही ओळखत नाही.

तोवर, ज्याची फिर्याद घेतली जात नाही त्याने परत फिरू नये. कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे तीच माहिती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी, पोच जपून ठेवावी. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तालुका विधी सेवा समितीकडे यासाठी वकील मिळतो, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना तो उत्पन्नाची अट न लावता फुकट मिळतो.

राहिली ५,००० ची रेघ. ती ठाणेदार बदलू शकत नाही, अधीक्षकही नाही. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, आहेत. राज्याला त्यांत दुरुस्ती करता येते आणि घटनेच्या कलम २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळाली की ती राज्यात लागू होते. दुरुस्ती एका वाक्याची आहे: शेतमाल, जनावरं आणि सिंचनाचं साहित्य यांची चोरी, किंमत कितीही असो, दखलपात्र राहील. समाजसेवेची शिक्षा तशीच ठेवा, तिला माझा विरोध नाही. विदर्भातून विधानसभेवर ६२ आमदार जातात. सरकारने विधेयक आणलं नाही तर अशासकीय विधेयक मांडायला त्यांतला एक पुरतो.